दारणेच्या वळणावरचे भगूर

पावसाळ्यात 'दारणातून विसर्ग सुरू' अशी बातमी येते, तेव्हा नाशिक शहरात तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. शहराची नजर असते गंगापूर धरणावर आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढले यावर. भगूरमध्ये मात्र त्या दिवशी माणसे पुलापर्यंत जाऊन पाणी बघून येतात. नाशिकपासून सतरा-अठरा किलोमीटरवरचे हे लहानसे नगरपालिकेचे गाव. महाराष्ट्र त्याला सावरकरांचे जन्मगाव म्हणून ओळखतो आणि तेवढ्यावर थांबतो. पण हे गाव समजून घ्यायचे तर आधी नदी बघायला हवी.

दारणा उगम पावते इगतपुरी तालुक्यात, कुलंगच्या बाजूच्या डोंगरांत. तिथला पाऊस आणि नाशिक शहराचा पाऊस यांची तुलनाच नको. भगूरला पोचेपर्यंत नदी संथ आणि रुंद झालेली असते. अलीकडच्या काठावर भगूर, पूल ओलांडला की पांढुर्लीचा रस्ता सिन्नर तालुक्यात शिरतो. काठाला काळी जमीन, मळे आणि ऊस. उसात लपायला जागा आणि प्यायला पाणी, म्हणून बिबट्याही इथे मुक्काम ठोकतो. २०२० साली दारणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, तेव्हा संध्याकाळनंतर मळ्यात जायला लोक धजावत नव्हते.

या नदीचे नशीब १९१६ मध्ये बदलले. त्या वर्षी वरच्या अंगाला दारणा धरण पुरे झाले. साठा सुमारे ७ टीएमसी, म्हणजे ७ अब्ज घनफूट. ते बांधले गेले मुख्यतः गोदावरीच्या कालव्यांसाठी, म्हणजे कोपरगाव-राहात्याच्या शेतीसाठी. धरणातले पाणी नदीपात्रातूनच खाली सोडतात. ते भगूरवरून, चेहेडीवरून वाहत दारणासांगवीला गोदावरीला मिळते, नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात अडते आणि तिथून कालव्यांत जाते. त्यामुळे उन्हाळ्यात भगूरच्या पुलाखाली पाणी दिसते ते पावसाचे नव्हे, आवर्तनाचे, म्हणजे धरणातून ठरावीक पाळीने सोडलेले. आवर्तन सुटले की काठच्या मोटारींची वीज बंद होते आणि बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, कारण ते पाणी पुढच्यांचे. दाराशी भरलेली नदी, मोटार मात्र गप्प: हे दृश्य इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्यावरून वाद पेटतात ते अलीकडचे. दारणाकाठाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच अंगावर घेतला होता आणि त्याची म्हणावी तशी दखल कोणी घेतली नाही, असे मला मनापासून वाटते.

गावाच्या रोजच्या चालण्याला वळण दिले ते लष्कराने आणि रेल्वेने. १८६५ मध्ये थळ घाटाचा लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आली. १८६९ मध्ये शेजारीच देवळाली कॅन्टोन्मेंट वसले. मुंबई बंदरात उतरलेल्या किंवा मायदेशी जायला निघालेल्या गोऱ्या सैनिकांना इथल्या कोरड्या हवेत ठेवत. रेस्ट कॅम्प रोड हे नाव त्याचीच खूण. बोटीची वाट बघून बघून सैनिकांचे डोके फिरे, त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' हा शब्दच पडला. तो देवळालीचा अपभ्रंश. फाळणीच्या आधीच तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आज पाकिस्तानात असलेल्या काकूलहून देवळालीला आले आणि सरावाचे धमाके परिसराच्या अंगवळणी पडले.

१९२५ मध्ये नाशिकरोडला सरकारी छापखाना सुरू झाला. तोवर भारताची टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १९२८ मध्ये शेजारी नोटांचा छापखाना आला. प्रेसमधली नोकरी ही या पट्ट्यातल्या घरांची मोठी आस. भगूर, लहवित, देवळालीगावातली माणसे पहाटे डबा घेऊन निघू लागली ती तेव्हापासून. आज कोणी कॅम्पात, कोणी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, कोणी सिन्नरला जाते. देवळाली स्टेशन जवळच. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल दानापूरसाठी निघाली ती याच स्टेशनातून.

२८ मे १८८३ रोजी विनायक सावरकर जन्मले त्या भगूरमध्ये यातले छापखाने नव्हते, धरण नव्हते. होते ते लहान गाव आणि साथी. त्यांची आई राधाबाई १८९२ मध्ये पटकीने गेली, वडील दामोदरपंत १८९९ मध्ये प्लेगने. मराठी शाळा गावात, पुढच्या शिक्षणाला नाशिक गाठावे लागे आणि तिथेच राहावे लागे. त्यांचा वाडा आज स्मारक म्हणून जपलेला आहे. तो बघायला येणाऱ्यांनी नदीपर्यंतही चालत जावे, फार लांब नाही.

नाशिकरोडच्या बऱ्याच भागाला पिण्याचे पाणी चेहेडीच्या बंधाऱ्यातून उचललेले, म्हणजे दारणेचेच. सकाळी भगूरहून निघालेला माणूस नाशिकरोडला कामावर पोचतो, नळाखाली बाटली धरतो, तेव्हा बाटलीत येते ते त्याच्याच गावावरून वाहत आलेले पाणी.