डीएनए पुरावा आणि खासगीपणा (भारत)

घटनास्थळी सापडलेले रक्त, लाळ, वीर्य किंवा केस यांतील डीएनए संशयिताच्या नमुन्याशी ताडून मिळणारा पुरावा. लेस्टर विद्यापीठाचे ॲलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये या तंत्राचा शोध लावला. भारतात ते रुजवण्याचे मोठे श्रेय हैदराबादचे शास्त्रज्ञ लालजी सिंह यांचे.

प्रयोगशाळा संपूर्ण जनुकसंच वाचत नाही. ठरावीक वीसेक जागी डीएनएचा छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा आला आहे, एवढेच ती मोजते. या आकड्यांना प्रोफाइल म्हणतात. त्यातून आजार सहसा कळत नाहीत, पण रक्ताचे नाते उघड होऊ शकते. मूळ रक्त मात्र जपून ठेवले, तर आनुवंशिक आजारांसकट बरेच काही त्यातून केव्हाही वाचता येते. खासगीपणाला खरा धोका या शिल्लक नमुन्याचा आहे.

नमुना घेण्याचा पोलिसांचा अधिकार पक्का आहे. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड (1961) या निकालानुसार बोटांचे ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या सेल्वी निकालाने (2010) सक्तीच्या नार्को चाचणीला (औषध देऊन अर्धवट शुद्धीत माहिती काढून घेण्याला) मनाई केली, डीएनए तुलनेला नाही. बलात्काराच्या आरोपीच्या डीएनए तपासणीची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 2005 च्या दुरुस्तीने आली. आता ती त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 52 मध्ये आहे.

नमुना हाताळण्यातली ढिलाई आरोपी आणि पीडित दोघांनाही भोवते. तामिळनाडूतील एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीची 2025 मध्ये निर्दोष मुक्तता करताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले: पाकिटावर गुन्हा क्रमांक, कलम व तपास अधिकाऱ्याचे नाव हवे, नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोचावा, तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंदवही असावी.

नमुना किती काळ ठेवायचा, हा प्रश्न त्याहून अवघड. खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 2017 मध्ये सांगितले. तरी 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार जैविक नमुन्यांच्या विश्लेषणासह अशा नोंदी 75 वर्षे ठेवता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस अपिले संपून निर्दोष ठरला तर त्याची नोंद नष्ट करायची असते, पण न्यायालय किंवा दंडाधिकारी लेखी कारणे देऊन ती राखायला सांगू शकतात.

ब्रिटनमध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाचा डीएनए तो निर्दोष सुटल्यावरही पोलिसांनी ठेवून घेतला होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2008 मध्ये ते बेकायदा ठरवले आणि 2012 च्या कायद्यानंतर तिथे लाखो प्रोफाइल पुसली गेली. भारतात डीएनए पेढी (प्रोफाइलांचा साठा) आणि तिच्यासाठी नियामक मंडळ सुचवणारे 2019 चे विधेयक संसदीय समितीने छाननी करूनही जुलै 2023 मध्ये मागे घेतले गेले.