येदिनोरोग

येदिनोरोग : अठराव्या शतकातील रशियन काशाची मैदानी तोफ. रशियन भाषेत या शब्दाचा अर्थ एकशिंगी प्राणी. तोफखान्याचा प्रमुख प्योत्र शुवालोव्ह याच्या कारकिर्दीत 1757 च्या सुमारास ती सैन्यात आली.

नाव शुवालोव्ह घराण्याच्या कुलचिन्हातील एकशिंगीवरून पडले, असे बहुधा मानतात. तोफ उचलण्याचे कानही त्याच आकाराचे ओतत. अंद्रेई चोखोव्ह याने 1577 मध्ये ओतलेल्या ‘इनरोग’ या वेढ्याच्या तोफेच्या नावाचा अर्थही एकशिंगी असाच आहे. मात्र साम्य नावापुरतेच दिसते. घडणीचा धागा जुळत नाही. आराखड्याचे श्रेय दानिलोव्ह व मार्तिनोव्ह या अधिकाऱ्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. शुवालोव्हचा वाटा मुख्यतः आश्रयदात्याचा.

नळी व्यासाच्या साडेसात ते साडेबारा पट लांब, म्हणजे हॉविट्झरपेक्षा (उंच कमानीत गोळे फेकणारी आखूड तोफ) लांब आणि सरळ माऱ्याच्या तोफेपेक्षा आखूड. खरी खुबी दारूच्या कोठीत, म्हणजे नळीच्या तळाशी दारू ठासायच्या पोकळीत होती. हॉविट्झरची कोठी अरुंद व दंडगोल. तिच्या तोंडाच्या पायरीवर दारूची पिशवी अडे, म्हणून ती हाताने बसवावी लागे आणि नळी आखूडच ठेवावी लागे. येदिनोरोगची कोठी निमुळती, सुमारे दोन व्यास खोल. त्यामुळे गजाने ठासलेली पिशवी घसरत तळाशी जाई, पुसणेही सोपे होई. गोळा उतारावर नीट टेकून बसे. पोकळ गोळ्याची वात मात्र तोंडाकडेच हवी. ती दारूकडे वळल्यास गोळा नळीतच फुटण्याचा धोका असे. पोकळ गोळे, भरीव गोळे व छर्रे हे तिन्ही एकाच तोफेतून मारता येत.

आकार पूड या वजनी मापाने सांगत (1 पूड = 16.38 किग्रॅ.). पाव पूड व अर्धा पूड (व्यास सुमारे 12 व 15 सेंमी.) हे मैदानात रुळले, दोन पुडी तोफा जड म्हणून लवकर मागे पडल्या.

सप्तवार्षिक युद्धात, 1759 मध्ये, या तोफांनी स्वतःच्या पायदळाच्या डोक्यावरून मारा केल्याचे सांगतात. शुवालोव्हचीच लंबगोल तोंडाची ‘गुप्त हॉविट्झर’ छर्ऱ्यांपलीकडे फारशी उपयोगी नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर (1762) ती मागे पडली. येदिनोरोग टिकली. 1805 च्या सुधारणांनंतर जड बॅटरी कंपनीच्या (तोफखान्याची तुकडी) 12 तोफांत 4 अर्धपुडी, तर हलक्या कंपनीत 4 पावपुडी असत. घोड-तोफखान्यात पावपुडींचे प्रमाण निम्मे. क्रिमियन युद्धातही ती वापरात होती. पुढे आटेदार नळ्यांच्या तोफांनी तिची जागा घेतली.