चटका आणि धग : काच फुंकणाऱ्यांच्या संरक्षणाची पार्श्वभूमी

तापलेल्या वस्तूला हात लागला की चटका बसतो. हात न लावता लांबूनच जाणवते ती धग. हातातल्या अवजारांनी काच घडवणाऱ्या कारागिरांना उष्णतेपासून कसे वाचवले गेले हे समजून घ्यायचे तर हा फरक सोडून चालत नाही. चटक्याचा बंदोबस्त या धंद्याने फार पूर्वीच केला. धगीकडे मात्र विसावे शतक उजाडेपर्यंत कोणी नीट पाहिले नाही.

फुंकणीने काच फुगवण्याची कला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर सुरू झाली. अवजारांची ठेवण तेव्हापासून फारशी बदललेली नाही, आणि चटक्यापासूनचे संरक्षण त्या ठेवणीतच आहे. फुंकणी साधारण सव्वा ते दीड मीटर लांब, पोकळ आणि पातळ भिंतीची असते. तिचे एक टोक ११०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या काचेच्या रसात बुडाले तरी दुसरे टोक हातात धरता येते. आता तिच्यासाठी स्टेनलेस स्टील वापरतात, कारण त्यातून उष्णता साध्या पोलादापेक्षा बरीच सावकाश पुढे सरकते. फुंकणीच्या टोकावरच्या काचेच्या गोळ्याला गोलाई देणारे लाकडी साचे चेरीसारख्या फळझाडाच्या लाकडाचे असतात आणि कायम पाण्यात बुडवून ठेवलेले असतात.

ओल्या कागदाची गादी तर जवळून पाहण्यासारखी आहे. वर्तमानपत्राच्या कागदांच्या तळहाताएवढ्या घड्या घालून ते पाण्यात भिजवायचे आणि त्या गादीवर लालभडक गोळा फिरवायचा. कागदाचा वरचा थर काळा पडतो, चर्र आवाज होतो, धुराचा वास सुटतो. काच आणि कागद यांच्यामध्ये वाफेचा पातळ थर तयार होतो, आणि खालचे थर ओले असेपर्यंत हाताशी पोचणारी उष्णता सोसण्याजोगी राहते. काचेचा आकार बोटांना इतक्या जवळून दुसऱ्या कोणत्याही अवजारातून कळत नाही. हातमोजा इथे उपयोगाचा नाही, कारण त्यातून स्पर्श कळत नाही. तो ओला झाला तर आणखी वाईट. मोज्यात अडकलेल्या पाण्याची वाफ थेट कातडीवर होते. तेच पाणी कागदात हात वाचवते आणि मोज्यात हात भाजते.

१२९१ साली व्हेनिसने काचेच्या भट्ट्या शहराबाहेर मुरानो बेटावर हलवायला लावल्या. त्यामागचे एक मोठे कारण आगीची भीती हे होते. शहराला संरक्षण मिळाले, कारागीर जिथे होता तिथेच, भट्टीच्या तोंडाशी राहिला. पुढे १७०० मध्ये एका इटालियन वैद्याने धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात ऐन थंडीतही भट्टीपुढे अर्ध्या उघड्या अंगाने राबणारे काच कामगार आहेत, आणि सतत आगीकडे पाहून खराब झालेले त्यांचे डोळेही आहेत. डोळ्यांचा प्रश्न इतक्या लवकर नोंदवला गेला होता. त्याची दखल घ्यायला आणखी दोनशे वर्षे लागली, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

दखल घेतली गेली ती भरपाईच्या वादामुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमध्ये धंद्यातून होणाऱ्या कोणत्या रोगांना भरपाई द्यायची याची यादी तयार होत होती. बाटल्यांची तोंडे घडवणाऱ्या कामगारांना तरुणपणीच मोतीबिंदू होतो, आणि भट्टीकडे जास्त असणाऱ्या डोळ्यात तो आधी दिसतो, असे डॉक्टर सांगत होते. (नावावरून फसू नये : काच कामगारांचा हा आजार मोतीबिंदूच, काचबिंदूशी त्याचा संबंध नाही.) हा मोतीबिंदू म्हातारपणाचा की भट्टीचा, हा प्रश्न होता. शेवटी तो यादीत आला. मग दुसरा वाद उभा राहिला : दोष अतिनील किरणांचा की अवरक्त, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या न दिसणाऱ्या किरणांचा? लंडनमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा बनवून पाहिल्या आणि १९१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोहाच्या योग्य प्रकाराने किंचित हिरवट झालेली काच भट्टीच्या उष्ण किरणांचा मोठा भाग अडवते आणि तरी पलीकडचे दिसते, हे त्यातून समोर आले. बहुतेक तज्ज्ञ पुढे अवरक्त किरणांच्या बाजूने झुकले. ११०० अंशांची भट्टी सर्वात जास्त किरणे सोडते ती २ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास, आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश ०.७ च्या जरा पुढेच संपतो. म्हणजे धगीचा बहुतेक भाग अदृश्यच असतो. डोळ्यातल्या भिंगात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिथली उष्णता वाहून जात नाही. वेदनेच्या नसाही नाहीत, त्यामुळे इशारा मिळत नाही.

इतके कळल्यावर सगळे मार्गी लागायला हवे होते. नेमका इथेच काच कारागिरांच्या एका चष्म्याला चिकटलेल्या ‘डिडिमियम’ या शब्दाने घोळ केला, आणि तो अजून मिटलेला नाही. १८४१ मध्ये एका स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला वाटले की नवे मूलद्रव्य सापडले. लँथॅनम या मूलद्रव्याचे जुळे भावंड म्हणून त्याने ग्रीक भाषेतल्या ‘जुळे’ या शब्दावरून नाव दिले. १८८५ मध्ये ते मूलद्रव्य नसून दोघांचे मिश्रण निघाले : प्रासिओडिमियम आणि निओडिमियम. मूलद्रव्यांच्या यादीतून नाव गेले, चष्म्यावर मात्र राहिले. हे मिश्रण घातलेली चष्म्याची काच ५८९ नॅनोमीटरचा सोडियमचा पिवळा प्रकाश गिळते. बर्नरच्या ज्योतीवर काच वितळवताना उठणारा पिवळा भडका चष्मा लावताच नाहीसा होतो आणि वितळणारी कड स्वच्छ दिसते. डोळ्यांना आराम वाटतो, आणि आराम वाटला की संरक्षण मिळाले असे माणूस धरून चालतो. प्रत्यक्षात अवरक्त किरणांचा बराच मोठा भाग या काचेतून आरपार जातो. हा चष्मा नीट दिसण्यासाठी आहे. त्याला धगीपासूनचे संरक्षण म्हणणे चूक आहे, आणि ‘सुरक्षा चष्मा’ या एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकणे त्याहून मोठी चूक आहे.

दरम्यान कामाची जागाच बदलली. १९०३ मध्ये अमेरिकेत बाटल्या फुंकणारे स्वयंचलित यंत्र आले आणि हाताने बाटल्या घडवणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. १९६२ मध्ये अमेरिकेतल्याच टोलेडो शहरात छोट्या भट्टीचे प्रयोग झाले आणि एकट्या कलाकाराला काच फुंकणे शक्य झाले. कारखान्यात कारागिराच्या हाताला धग लागू नये म्हणून मदतनीस मध्ये लाकडी फळी धरून उभा राहायचा. एकट्याने काम करणाऱ्याला तो आडोसा मिळत नाही.

तयार भांडे सावकाश थंड होण्याच्या भट्टीत ठेवताना अ‍ॅस्बेस्टॉसचे मोजे वापरत. त्याच्या तंतूंनी फुप्फुसांचे काय होते हे कळल्यावर ते गेले; युरोपीय संघात २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. त्यांच्या जागी १९६५ मध्ये शोधलेल्या केव्हलारसारख्या धाग्यांचे मोजे आले. ते वितळत नाहीत, पण गरम भांडे काही क्षणच धरू देतात. त्याच कापडाची बाही आता बाकावर बसून काच घडवणारे पुष्कळ जण घालतात, आणि बहुधा एकाच हातात. डावा हात फुंकणी फिरवत काचेपासून लांब असतो, उजवा हात चिमटा घेऊन गोळ्याशी असतो. म्हणून बाही उजव्या हाताला, आणि तळहात उघडाच.