फॉर्स्टर, एडवर्ड मॉर्गन

(१ जानेवारी १८७९ – ७ जून १९७०). इंग्रज कादंबरीकार, निबंधकार व साहित्यसमीक्षक. जन्म लंडनमध्ये. वास्तुरचनाकार असलेले वडील त्याच्या जन्मानंतर दोन वर्षांच्या आतच क्षयाने वारले आणि आईनेच त्याला वाढवले. हर्टफर्डशायर परगण्यातील रूक्सनेस्ट या घरात त्याचे बालपण गेले. ‘हॉवर्ड्‌स एंड’ (१९१०) या कादंबरीतले घर त्यावरूनच आले आहे. आजीच्या बहिणीने त्याच्यासाठी ८,००० पौंड ठेवले होते. या पैशामुळे पोटापाण्याची विवंचना मिटली आणि तो लेखनाकडे वळू शकला. टनब्रिजच्या शाळेत तो रमला नाही. १८९७ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेल्यावर मात्र मोकळी चर्चा करणारे मित्र त्याला भेटले.

१९०५ ते १९१० या काळात त्याच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. इंग्रज मध्यमवर्गाचा कोंडलेपणा आणि माणसाने माणसाशी जोडले जाण्याची धडपड हा त्या सर्वांचा गाभा. पाचवी, ‘अ पॅसेज टु इंडिया’, यायला १९२४ उजाडले.

ही कादंबरी उभी राहिली ती मैत्रीवर. १९०६ मध्ये फॉर्स्टरने सय्यद रॉस मसूद या भारतीय तरुणाला लॅटिन शिकवले. मसूदच्या ओढीने तो १९१२ साली भारतात आला आणि पुढे ही कादंबरी त्याने मसूदलाच अर्पण केली. १९२१ मध्ये तो पुन्हा आला, तो देवास (थोरली पाती) संस्थानचे राजे तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस म्हणून. देवास म्हटले की मराठी रसिकाला कुमार गंधर्व आठवतात. त्यांच्या तिथे येण्याच्या सत्तावीस वर्षे आधी हा इंग्रज लेखक त्याच गावात एका मराठा दरबाराचा कारभार पाहत होता. तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने जवळून अनुभवला. गोंगाट आणि अव्यवस्था यांनी तो गोंधळला, पण त्यातला भक्तिभाव त्याला जाणवला. कादंबरीच्या तिसऱ्या भागात हाच उत्सव आहे: प्राध्यापक नारायण गोडबोले देवापुढे उभे आहेत आणि गायकांच्या मुखी तुकारामांचे नाव आहे. त्या काळच्या इंग्रजी कादंबरीत वारकरी संताला असे स्थान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पुस्तकाचा कणा आहे भारतीय डॉक्टर अझीझ आणि इंग्रज प्राचार्य फील्डिंग यांची मैत्री. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यात बरोबरीचे नाते जुळणार कसे, हा प्रश्न शेवटच्या पानावरही सुटत नाही. फॉर्स्टरचा प्रामाणिकपणा दिसतो तो इथेच. देवासच्या आठवणी व पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) मध्ये आहेत.

समीक्षक म्हणून त्याची ओळख मुख्यतः ‘ॲस्पेक्ट्‌स ऑफ द नॉव्हेल’ (१९२७) या पुस्तकामुळे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दिलेली क्लार्क व्याख्याने त्यात आहेत. कालक्रम बाजूला ठेवून, सगळे कादंबरीकार एकाच गोल दालनात बसून एकाच वेळी लिहीत आहेत अशी कल्पना तो करतो. राजा वारला आणि मग राणी वारली, ही गोष्ट. राजा वारला आणि त्या दुःखाने राणी वारली, हे कथानक, असा त्याने केलेला भेद प्रसिद्ध आहे. एकाच गुणाभोवती रचलेल्या व्यक्तिरेखा सपाट. वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकतात त्या गोल. सपाट पात्रांना त्याने कमी लेखले नाही, हे मात्र ही विभागणी वापरणारे पुष्कळदा विसरतात. लेखकाच्या जागी उभे राहून केलेली ही समीक्षा आजही ताजी वाटते.

१९२४ नंतर त्याच्या हयातीत नवी कादंबरी आली नाही, पण तो स्वस्थ बसला नाही. निबंध लिहिले, बीबीसीवर भाषणे दिली, १९३४ मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय परिषदेचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले. मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ला (१९३५) प्रस्तावना लिहिली. १९६० साली डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवरील अश्लीलतेच्या खटल्यात तो बचावाच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. नाइटहूड त्याने नाकारले. १९६९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला.

कादंबरीलेखन थांबण्यामागे एक मोठे कारण होते. फॉर्स्टर समलिंगी होता आणि स्त्री-पुरुष प्रेमाच्या, तेवढ्याच मान्य असलेल्या विषयाला आपण कंटाळलो आहोत, असे त्याने १९११ सालीच रोजनिशीत नोंदवले होते. १९१३-१४ मध्ये लिहिलेली ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी त्याने जवळच्या मित्रांनाच वाचायला दिली. इंग्लंडमध्ये अशा संबंधांवरची कायदेशीर बंदी १९६७ पर्यंत उठली नव्हती. ‘मॉरिस’चा शेवट सुखाचाच हवा, हा त्याचा आग्रह होता. कॉव्हेंट्री येथे त्याचा मृत्यू झाल्यावर, १९७१ साली ती प्रसिद्ध झाली.