फुल रेंज असूनही नेट का अडखळतं? वायफाय एक्स्टेंडर लावण्यामागचं विज्ञान

राउटरचा वायफाय सिग्नल पुढच्या खोल्यांपर्यंत नेणारा नवा एक्स्टेंडर आणला, आतल्या खोलीत लावला, मोबाइलवर फुल रेंज दिसू लागली आणि तरीही व्हिडिओ मधेच थांबतो. ही तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा यंत्रात काही बिघाड नसतो. मोबाइलवरची ती खूण फक्त मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यातला सिग्नल दाखवते. एक्स्टेंडरला राउटरचा सिग्नल कितपत मिळतोय हे तिच्यावरून कळत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. जिथे रेंज येत नाही तिथेच एक्स्टेंडर लावावा असं कोणालाही वाटेल. पण जिथे मोबाइलला राउटरचा सिग्नल नीट मिळत नाही, तिथे एक्स्टेंडरलाही तो मिळत नाही.

एक्स्टेंडर नवीन इंटरनेट तयार करत नाही. राउटरकडून आलेलं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, तो आधी पूर्ण घेतो, तपासतो आणि मग स्वतःच्या रेडिओवरून पुन्हा पाठवतो. पॅकेट घेतानाच खराब झालं, तर ते राउटरकडून पुन्हा मागवावं लागतं. त्यामुळे एक्स्टेंडरच्या पुढचा वेग एक्स्टेंडरपर्यंत पोहोचलेल्या वेगापेक्षा जास्त असूच शकत नाही.

सिग्नलची ताकद मोजतात डीबीएममध्ये, म्हणजे 1 मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल ते. हे आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. राउटरशेजारी उणे 30 ते 40 दिसेल. उणे 67 च्या आसपासपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे 80 ला पानं उघडायलाही वेळ लागतो. हे मोजमाप चढतं-उतरतं ते पटीत: दर 3 डेसिबलला ताकद निम्मी होते, दर 10 डेसिबलला दहावा हिस्सा उरतो. राउटर साधारण 100 मिलिवॅटने बोलत असेल, तर उणे 70 डीबीएमला मोबाइलपर्यंत त्याचा एक अब्जांश पोहोचलेला असतो. एवढ्याशा ऊर्जेतून मोबाइल अक्षरं आणि चित्रं वेगळी काढतो, ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाई होते, म्हणजे 6 डेसिबल जातात. भिंतींचा हिशोब याहून कडक असतो. सळया घातलेली जाड काँक्रीटची भिंत 10-15 डेसिबल सहज गिळते. 12 डेसिबल गेले म्हणजे मोकळ्या जागेत अंतर चौपट झाल्यासारखंच. भिंतीतून लहर तिरकी जात असेल तर तिला अधिक जाडी ओलांडावी लागते. धातूची कपाटं, फ्रिज आणि मोठे आरसे लहरी परतवून लावतात, पाण्याची टाकी त्या शोषून घेते. म्हणूनच ‘राउटर आणि खोली यांच्या बरोबर मधोमध लावा’ हा नेहमीचा सल्ला अपुरा आहे. मध्य शोधायचा तो मीटरमध्ये नव्हे, डेसिबलमध्ये.

त्यासाठी सिग्नलचा आकडा दिसायला हवा. अँड्रॉइड मोबाइलवर वायफाय मोजणारी मोफत अ‍ॅप्स मिळतात; मॅक संगणकावर ऑप्शन की दाबून वायफायच्या खुणेवर क्लिक केलं की आकडा समोर येतो. मोबाइल हातात धरून राउटरपासून अडचणीच्या खोलीकडे सावकाश चाला. समजा हॉलमध्ये उणे 48 आहे, दारात उणे 57 आणि भिंत ओलांडताच एकदम उणे 74. तर एक्स्टेंडरची जागा दारापाशी, भिंतीच्या अलीकडे. दाराच्या पोकळीतून त्याला राउटर जवळजवळ थेट दिसावा आणि त्याच पोकळीतून त्याचा सिग्नल आत जावा. उणे 55 ते 65 च्या दरम्यानची जागा मिळाली तर उत्तम.

इथे एक प्रयोग जरूर करून पाहा. मोबाइल टेबलावर ठेवा, आकडा स्थिर होऊ द्या, मग तो चार बोटं सरकवा. आकडा अनेकदा 5-10 डेसिबलने बदलतो. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरींची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या आणि थेट आलेल्या लहरी एका जागी एकमेकींना बळ देतात, तर जेमतेम काही सेंटीमीटरवर एकमेकींना पुसून टाकतात. त्यामुळे जागा पक्की करण्यापूर्वी एक्स्टेंडर थोडा इकडे-तिकडे करून पाहणं हा वेडेपणा नाही. सॉकेट सोफ्यामागे, जमिनीलगत असेल तर चांगली एक्स्टेंशन कॉर्ड घेऊन तो टेबलाच्या उंचीवर आणा. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

जागा उत्तम असली तरी एक किंमत मोजावी लागतेच. एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका ठरावीक पट्ट्यात, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. बाकीच्यांनी ऐकत थांबायचं, हा वायफायचा मूळ नियम. दोन माणसांमध्ये तिसरा दुभाषी बसला की प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं आणि गप्पांना दुप्पट वेळ लागतो. एक्स्टेंडरचं तेच होतं. राउटरकडून घेणं आणि मोबाइलला देणं, दोन्ही एकाच रेडिओवरून आणि एकाच चॅनेलवर चालत असेल, तर हाती येणारा वेग निम्मा किंवा त्याहून कमी होतो. एका एक्स्टेंडरपुढे दुसरा जोडला तर आणखी घट. म्हणून दोन बँडचा, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्हींवर चालणारा एक्स्टेंडर घ्यावा असं माझं ठाम मत आहे. तो राउटरशी 5 गिगाहर्ट्झवर बोलतो आणि मोबाइलशी 2.4 वर, किंवा उलट, त्यामुळे दोन्ही कामं एकाच वेळी होतात. फक्त सेटिंगमध्ये तशी सोय आहे का ते पाहून ती चालू करावी लागते. 5 गिगाहर्ट्झ वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर दमतो, हे जागा निवडताना ध्यानात ठेवा. एक्स्टेंडर राउटरशी ज्या बँडवर बोलणार, जागा मोजतानाही मोबाइल त्याच बँडवर जोडलेला हवा, नाहीतर आकडा दुसऱ्याच गोष्टीचा मिळेल.

प्रत्यक्ष जोडणी सोपी आहे. पहिल्यांदा एक्स्टेंडर राउटरच्या खोलीतच लावा आणि जोडणी झाल्यावर ठरलेल्या जागी हलवा. दोन्हींवर डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडणी करून देणाऱ्या सोयीचं) बटण असेल तर राउटरचं दाबून 2 मिनिटांच्या आत एक्स्टेंडरचं दाबायचं. राउटर फक्त डब्ल्यूपीए3 या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल तर हा मार्ग चालत नाही. मग एक्स्टेंडरच्या स्वतःच्या नेटवर्कला मोबाइल जोडून त्याच्या सेटिंगच्या पानावर राउटरच्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड भरायचा. मला हाच मार्ग जास्त पसंत आहे. डब्ल्यूपीएसमध्ये बटणाखेरीज 8 अंकी पिनचीही सोय असते, आणि तिच्यातली मोठी फट 2011 च्या अखेरीस उघड झाली. 8 अंक म्हटल्यावर 10 कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो आणि पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासले जातात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तीत जास्त 11,000 प्रयत्न पुरतात. काम झालं की राउटरवरचं डब्ल्यूपीएस बंद करा. एक्स्टेंडरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्डही त्याच बैठकीत बदलून टाका.

नेटवर्कचं नाव राउटरचंच ठेवायचं की वेगळं द्यायचं? नाव आणि पासवर्ड सारखे ठेवले तर घरात फिरताना मोबाइल आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे जातो, निदान जायला हवा. पण कोणाला धरायचं आणि कधी सोडायचं हा निर्णय मोबाइलचा असतो, राउटरचा नाही. बरेच मोबाइल क्षीण झालेल्या राउटरला चिकटून राहतात, जवळचा एक्स्टेंडर असूनही. असा दूरचा, अडखळत बोलणारा मोबाइल त्याच कामासाठी चॅनेल जास्त वेळ अडवतो आणि घरातल्या बाकी सगळ्यांचाही वेग खातो. असं वारंवार होत असेल तर वेगळं नाव द्या आणि टीव्हीसारखी जागेवरून न हलणारी यंत्रं त्यालाच जोडा.

खरं तर हे सगळं करण्याआधी राउटर हलवून पाहायला हवा. कोपऱ्यात, जमिनीवर, कपाटात कोंडलेला राउटर घराच्या मध्याकडे आणि उंचावर आणला की काही घरांत एक्स्टेंडरची गरजच उरत नाही. आणि अडचणीच्या खोलीपर्यंत केबल नेणं शक्य असेल तर ती न्याच. कॅट 5ई नावाची साधी नेटवर्क केबल 100 मीटरपर्यंत 1 गिगाबिटचा वेग बिनदिक्कत पोहोचवते, भिंती मधे कितीही असोत. लॅन पोर्ट (ही केबल जोडायची खाच) असलेल्या बहुतेक एक्स्टेंडरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ नावाचा मोड असतो. केबल जोडून तो मोड निवडला की राउटरकडून हवेतून ऐकण्याचं कामच संपतं. वेग निम्मा होत नाही, आणि मग एक्स्टेंडर खुशाल त्या आतल्या खोलीतच लावता येतो.