‘दुसऱ्या महायुद्धात लढले’ या एका ओळीच्या मागे काय काय आहे

सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यातून अजूनही अधूनमधून बातमी येते की दुसऱ्या महायुद्धात लढलेले अमुक आजोबा वयाच्या शंभरीत गेले, गावातल्या माजी सैनिकांनी मानवंदना दिली, मागे मुलं, सुना, नातवंडं, पणतवंडं असा परिवार आहे. युद्धाला एक ओळ आणि बाकी सगळ्या आयुष्याला ‘परिवार’ हा एक शब्द. मला हे फार अपुरं वाटतं, कारण या माणसाच्या आयुष्यात युद्ध होतं फार तर पाच-सहा वर्षं, पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं त्याने घर उभं केलं, आणि ते कशाच्या जोरावर उभं करायचं हे बऱ्याच अंशी त्याची भरती कशी झाली आणि फौजेतून सुटका कशी झाली यावरच ठरलं होतं. म्हणून जरा मागे जाऊन बघू.

1939 ला हिंदुस्थानी फौज साधारण दोन लाखांची होती, 1945 पर्यंत ती पंचवीस लाखांच्या वर गेली. सक्तीची भरती नव्हती, सगळे आपणहून गेलेले, पण ‘आपणहून’ म्हणताना घरची परिस्थितीही बघायला पाहिजे. कोरडवाहू तुकडा, त्याचे भावाभावांत अजून तुकडे, पाऊस आला तर आला, आणि पलटणीत गेलं की पोटाला जेवण, अंगाला कपडे आणि घरी दर महिन्याला मनिऑर्डर. शिवाय काही घरांत ही चालत आलेली वाटच होती. मराठा लाईट इन्फंट्रीची सर्वात जुनी बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात, ती 1768 ची आहे, आणि सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव तर मिल्ट्री अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. महार समाजाला मात्र ही वाट मध्येच बंद केली होती, 1890 च्या दशकात भरती थांबवली, पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून 1917 ला परत घेतलं, त्यांची पलटण उभी केली आणि 1921 ला तीही मोडली, मग डॉ. आंबेडकरांसारख्यांनी मागणी लावून धरली आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या घरातल्या आजोबांच्या भरतीला म्हणूनच वेगळं वजन आहे, त्यांच्यासाठी पलटण ही पोटाबरोबर मानाचीही गोष्ट होती.

जन्मतारखेचं सांगायचं तर बहुतेकांची नोंदच नव्हती. भरतीच्या वेळी अंगापिंडावरून अंदाजाने वय लिहिलं जायचं, सोळा-सतराचा पोरगा अठराचा म्हणून लागायचा. त्यामुळे आज कुणाचं वय शंभर की एकशे दोन यावर घरात एकमत नसेल तर त्यात नवल काहीच नाही.

मग ही पोरं गेली कुठं? 1941 च्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनचा डोंगर, तिथे तिसरी मराठा (म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन) होती आणि पलटणीत असं सांगतात की ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही युद्धगर्जना त्याच मोहिमेत घुमली. जून 1942 ला लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा दुसरी मराठा सगळीच्या सगळी अडकली आणि कोकण-देशावरच्या कितीतरी घरांत बेपत्ताची तार आली. त्यातले बरेच इटलीत कैदेत गेले, इटलीने 1943 ला शरणागती पत्करल्यावर काही निसटले आणि बाकीचे जर्मनांच्या हाती लागले. मार्च 1944 ला मणिपूरच्या बाजूला सांगशाकला जपान्यांना अडवणाऱ्यांत चौथी मराठा होती. आणि इटली तर वेगळीच गोष्ट, तिथे पन्नास हजारांच्या आसपास हिंदुस्थानी सैनिक लढले आणि 5,782 परत आले नाहीत.

इटलीतली दोन नावं महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असायला हवीत. यशवंत घाडगे, हुद्दा नाईक, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले (छोट्या तुकडीतले) बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले तेव्हा एकटे मशीनगनवर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. वय फक्त बावीस. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी, त्यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जागेतून एकेक करून बाहेर काढलं, मग परत जाऊन तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून गर्जना देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. घाडग्यांना संसार करायला वेळच मिळाला नाही. जाधव 1984 पर्यंत जगले, म्हणजे त्या एका दिवसानंतर जवळजवळ चाळीस वर्षं. तो दिवस आपल्याला मिनिटामिनिटाने सांगता येतो, ती चाळीस वर्षं कुणी लिहून ठेवत नाही.

लढाईच्या काळात घरच्यांचं काय चाललं होतं तेही बघा. पत्रं सेन्सॉर व्हायची आणि सेन्सॉरवाले अधूनमधून अहवाल तयार करायचे, त्यात 1943 च्या सुमाराला सैनिकांची मोठी काळजी म्हणून लढाई नाही तर घरची महागाई आणि धान्याची टंचाई दिसते. पोरगा परमुलखात पोटभर जेवतोय आणि घरून पत्र येतंय की ज्वारी मिळत नाही, हे काय वाटत असेल. बऱ्याच जणांना स्वतःला लिहिता येत नव्हतं, लिहायला शिकले ते पलटणीत, तेही रोमन लिपीतलं उर्दू, कारण फौजेचा कारभार त्यात चालायचा. म्हणून एखाद्या आजोबांच्या जुन्या वहीत इंग्रजी अक्षरं दिसली आणि वाचून काही अर्थच लागला नाही तर ते बहुतेक तेच असणार.

आता खरा मुद्दा. युद्ध संपलं आणि 1945-46 पासून लाखोंना घरी पाठवलं. शिपायाला पेन्शन बसायला किमान पंधरा वर्षांची नोकरी लागायची. 1940 ला लागलेला माणूस 1946 ला सुटला म्हणजे हातात सहा वर्षं, थोडीफार साठलेली रक्कम, डिस्चार्ज बुक आणि मेडलं, पेन्शन शून्य. लोकांना वाटतं मिल्ट्रीतून आला म्हणजे सरकार पोसत असणार, तर तसं अजिबात नव्हतं, यातले बहुसंख्य परत त्याच कोरडवाहू तुकड्यावर आले किंवा मुंबईला गिरणीत, गोदीत, कुठे वॉचमन, कुठे ड्रायव्हर म्हणून लागले. फौजेत गाडी चालवायला शिकलेल्याचं त्यातल्या त्यात बरं झालं, 1948 च्या जूनमध्ये सरकारी एसटी सुरू झाली आणि ड्रायव्हर-मेकॅनिकची गरज पडायला लागली. ‘बिगर पेन्शनर’ हा शब्द जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आजही चालतो तो यांच्यासाठीच. पुढे राज्य सरकारांनी महायुद्धातल्या अशा सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा अनुदान सुरू केलं, पण तोवर त्यांची कमावती वर्षं निघून गेली होती, मुलांची शिक्षणं आणि मुलींची लग्नं आपल्याच हिमतीवर पार पडली होती. मला त्यांच्या लढाईइतकंच याचं मोल वाटतं.

जे फौजेत राहिले त्यांच्या वाट्याला लगेच 1947-48 चं काश्मीर आलं. यातलं ठळक नाव राम राघोबा राणे, कारवारकडचे, 1940 ला बॉम्बे सॅपर्समध्ये (फौजेच्या इंजिनिअर दलात) भरती, आधी ब्रह्मदेशची आघाडी आणि मग एप्रिल 1948 ला नौशेरा-राजौरी रस्त्यावर दिवसरात्र सुरुंग काढणं, रस्ता मोकळा करणं. परमवीर चक्र मिळालेले आणि ते जिवंतपणी घेणारे पहिले. 1968 ला मेजर म्हणून निवृत्त झाले, 1994 ला पुण्यात गेले. साध्या जवानांचं गणित निराळं होतं, सात वर्षं पलटणीत आणि आठ वर्षं रिझर्व्हमध्ये अशी पद्धत कित्येक वर्षं होती, म्हणजे ऐन पंचविशी-तिशीत माणूस घरी, नवं काम शोधतोय, आणि लढाई पेटली की परत बोलावणं येऊ शकतं. 1962 आणि 1965 च्या आठवणी म्हाताऱ्या बायकांकडून ऐकल्या तर त्यात हे बोलावणं हटकून येतं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर, यांच्या लांब आयुष्यातला निम्मा भार त्या आज्यांनी उचललाय. नवरा तीन-तीन वर्षं परदेशात, सासू-सासरे, गुरं, शेत, लहान पोर, आणि तो परत आला तेव्हा पोर त्याला ओळखत नाही. सैनिक गेल्यावर तिला नियमित फॅमिली पेन्शन मिळण्याची योजना आली 1964 ला, आणि तीही नवऱ्याला पेन्शन असेल तर. त्यातही लग्नाची आणि मुलांची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या दप्तरात, झालेली पाहिजे, नावं जुळली पाहिजेत, कागदावर लक्ष्मी आणि माहेरचं नाव चंद्रा असलं की अॅफिडेव्हिट करत बसा, रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहा. कितीतरी आज्यांची शेवटची वर्षं यात गेली याचा मला खरंच राग येतो.

घरात अशा आजोबांची ट्रंक असेल तर मेडलं भंगारात किंवा मोडीत घालू नका. ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या महायुद्धाच्या स्टारवर (चांदणीच्या आकाराच्या मेडलवर) नाव नसायचं पण हिंदुस्थानी सैनिकांच्या मेडलवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असायचं, स्टार असेल तर मागे आणि गोल मेडल असेल तर कडेला भिंगाने बघा. आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार यावरून आजोबा कुठल्या आघाडीवर होते ते कळतं. इटली स्टारची रिबन लाल-पांढरी-हिरवी असते, म्हणजे मेडल हरवलं आणि नुसती पट्टी राहिली असली तरी ओळखू येते. डिस्चार्ज बुकात पलटण, भरतीची आणि सुटकेची तारीख सापडते आणि तोच नंबर घेऊन त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येतं, मराठा असतील तर बेळगावला, बॉम्बे सॅपर्स असतील तर खडकीला. जे परत आलेच नाहीत त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज या युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत शोधता येतात, इटलीत कसिनो, फोर्ली, सांग्रो नदी इथल्या स्मारकांवर मराठी आडनावं भरपूर आहेत, आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी फोर्ली आणि सांग्रोला वेगळी स्मारकं आहेत. आणि आजोबा अजून बोलत असतील तर लढाईबरोबर 1946 चंही विचारा, घरी आल्यावर पहिलं काम काय धरलं, पहिला पगार किती होता, आजीने तोवर कसं भागवलं. लढाईचं थोडंफार कुठेतरी लिहिलेलं सापडेल, हे त्यांच्याशिवाय कुणाकडेच नाही.