रिव्हॉल्व्हरची सवय पिस्तुलाला लावू नका

फोंड्या-डिचोलीकडच्या जुन्या परवानाधारकाला कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर कसं राखायचं हे शिकवायला नको. नळी आणि गोळ्यांची सहाही घरं पुसायची, तेलाचा हलका हात फिरवायचा, पुंगळ्या ढकलणाऱ्या चांदणीखालची काजळी काढायची. झालं.

पंचाईत होते ती त्याच माणसाने 'अशनी'सारखं .३२ पिस्तूल घेतल्यावर. गोळीच्या जाडीचा आकडा एकच म्हणून काडतुसंही तीच, असं समजणारे अजून भेटतात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि रुंद कडेचं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. पुढे.

खरा घोटाळा वेगळाच आहे. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर तुमचं बोट फिरवतं. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची समोर येते. पिस्तुलात हे काम आधीच्या गोळीच्या जोरावर चालतं. त्या जोराने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंग स्लाइडला पुढे लोटते आणि मॅगझिनमधली (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीतली) वरची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, शिरते. यात दमट काडतूस, थकलेली स्प्रिंग, मॅगझिनची वाकलेली तोंडाची कड किंवा ढिलं मनगट, काहीही आडवं येतं. मनगट ढिलं असलं की अख्खं पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइड अर्ध्यावर राहते. आता ही खोड फडक्याने पुसून कशी जाणार? म्हणून पिस्तुलाच्या बाबतीत सराव हाच देखभालीचा निम्मा भाग. आपल्या हाताने, आपल्याच मॅगझिनमधून, जी काडतुसं कमरेला बाळगता तीच रेंजवर उडवून पाहायची. चकचकीत पुसून वर्षभर कपाटात ठेवलेलं पिस्तूल कौतुकाने दाखवणारे लोक मला कधी कळले नाहीत. ते चालतं की नाही हे त्यांनाही ठाऊक नसतं.

मॅगझिनवर नंबर टाका, म्हणजे अडकतं ते पिस्तूल की एकच मॅगझिन, याचा उलगडा होतो. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. भरताना घाई नको.

तेलाचं म्हणाल तर खोबरेल अजिबात नको. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि थंडीतल्या पहाटे गोव्यातही पारा त्याखाली जातो. शस्त्राचंच तेल घ्या, तेही स्लाइडच्या खाचांत थेंबभर. मॅगझिनचं आतलं अंग कोरडं हवं. काडतुसाच्या प्राइमरमध्ये, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, तेल मुरलं तर ते पेटेलच असं नाही. घाम लागतो म्हणून बाहेरून रोज पुसा. चामड्याचं होल्स्टर पावसाळ्यात ओल धरतं, तेव्हा रात्री पिस्तूल त्यातून काढून कुलपात ठेवा.

पुसायला घेण्याआधीची एक गोष्ट रिव्हॉल्व्हरवाले हमखास विसरतात. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाही घरं डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी राहिलेली असू शकते. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेलं हत्यार परत आणल्यावरही हेच करायचं, मग पुसायचं, मग रेंज, आणि त्यानंतरच कमरेला.